हुंकाराची जागा

एका माणसाच्या गोष्टीला मी एकदा इस्त्री केली.

खरंच सांगते. सुरकुती दिसली की माझा हात शिवशिवायचा. उभा जन्म शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई आणखी काय करणार? आमच्या चिखलीच्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर रात्री उशिराच्या कार्यक्रमात एक गृहस्थ गोष्ट सांगायचे. सांगता सांगता मध्येच थांबायचे. चांगले ऐसपैस थांबायचे. एके दिवशी संगणकावर त्यांच्या गोष्टीतली ती सगळी थांबणी मी हुडकून काढली आणि मेथीची देठं खुडावीत तशी खुडून टाकली. वर ती खुडलेली गोष्ट मूळ गोष्टीवरच जतन केली, म्हणजे परतीची वाटही बंद.

त्या रिकाम्या जागेत एक माणूस बसायला येतो, हे मला ठाऊक नव्हतं. तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. चाकणच्या अलीकडे, कुरुळीजवळ एका गोदामाच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन. दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पण थोरला रेडिओवर गोष्ट सांगायचा, धाकटा गेटवर बसून ऐकायचा, आणि थोरला थांबला की तिकडे एकटाच ‘हं’ म्हणायचा. एवढाच काय तो दोघांत व्यवहार उरला होता. तोही मी कापला.

तेव्हा मी नुकती साठीला टेकले होते. अक्कल यायचं ते वय नव्हे.

त्या गृहस्थांना केंद्रावर सगळे काका म्हणायचे, तर मीही काकाच म्हणते. आता ते नाहीत. निदान तशी बातमी आहे. त्यांच्या बाबतीत मी छातीठोकपणे काही सांगायला जात नाही. एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये त्यांचा जन्म गेला होता. गाड्यांना रंग मारून मारून त्यांना माणसंही रंगाच्या नावानं ओळखायची सवय. मला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, “बाई प्रायमर हाय. अजून वरचा कोट लागायचाय.” त्या बाईला राग आला. त्या बाईला म्हणजे मला. आता वाटतं, माणूस बरोबर बोलला होता. फक्त वरचा कोट लागायला एवढी वर्षं जातील हे त्यालाही माहीत नव्हतं.

ऐन मे महिन्यातही डोक्याला कानटोपी. का, म्हणून विचारलं तर, “गोष्टी कानात असत्यात, वाऱ्यानं सांडत्यात.” केंद्राच्या पायऱ्यांशी चपला काढल्या की त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचे. “घरी जायची घाई त्यास्नी असती, आपल्याला न्हाई.” आणि सगळ्यात मोठी कटकट म्हणजे त्यांचा पाट. स्टुडिओत चांगली गोल फिरणारी खुर्ची होती. ती त्यांना नको. “खुर्ची फिरली की गोष्ट बी फिरती, मंग मी हिकडं नि ती तिकडं.” म्हणून घरून सायकलच्या कॅरिअरला बांधून लाकडी पाट आणलेला, तो कायमचा स्टुडिओत. त्या पाटावर मांडी घालून बसायचे आणि आमच्या तंत्रज्ञाला माइकचा दांडा पार जमिनीपर्यंत वाकवावा लागायचा. एकदा महापालिकेचे कुणी साहेब केंद्र पाहायला आले, त्यांनी काचेतून पाहिलं आणि बूट काढून हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, सत्यनारायण चाललाय.

मी केंद्रावर गेले ती समाज सुधारायला. निवृत्तीनंतर रहाटणीच्या फ्लॅटमध्ये बसून सुधारायला फक्त नवरा होता, आणि तो सुधारण्यापलीकडे गेलेला. केंद्रवाल्यांनी मला नाट्यविभाग दिला. म्हणजे एक कपाट. दुसरी पाळी सुटून कंपन्यांच्या बसमधून कामगार घरी निघतात, त्या वेळी काहीतरी नभोनाट्य लावावं असं ठरलं. मी लगेच एक लिहिलं. दारूमुळे संसार कसा उद्ध्वस्त होतो आणि शेवटी पत्नीच्या अश्रूंनी कसा सावरतो, असं होतं ते. नाव सांगत नाही, अजून लाज वाटते. त्यात एक वॉचमन होता. त्याला एकच वाक्य होतं: “कोण आहे तिकडे?” त्या वाक्यासाठी तंत्रज्ञाच्या ओळखीचे म्हणून हे काका आले.

रेकॉर्डिंगच्या दुपारी माझा नायक चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला. मी बाहेर व्हरांड्यात त्याला फोनवर फोन करत होते. आत काकांना कुणीतरी म्हटलं असावं, तुमचं वाक्य तेवढं घेऊन टाकू. काकांनी वाक्य म्हटलं, “कोण आहे तिकडे?” मग थोडं थांबले, आणि स्वतःच म्हणाले, “कुनीच न्हाई? मंग मी इचारतोय कुनाला?” आणि जे सुटले ते सुटलेच.

त्यांच्या वॉचमनची कंपनी रिकामी होती. आत खिळासुद्धा नव्हता. चोर आले, बॅटरी मारून पाहिलं, त्यांनाच वाईट वाटलं. एवढा म्हातारा माणूस रात्रभर जागतो आणि राखायला काही नाही! त्यांनी आपल्याजवळचा पाना ठेवला. दुसऱ्या रात्री दुसरे चोर आले, त्यांनी मोटार ठेवली. अशी चोरांची वर्दळ वाढली, कंपनी भरत गेली, मशिनं आली, बेल्ट आला, आणि एके सकाळी मालक उगवला. सगळं पाहून वॉचमनची कॉलर धरून म्हणाला, “खरं सांग, हा माल चोरलास कुठून?”

मी फोन करून परत आले तेव्हा तंत्रज्ञ तोंडावर रुमाल धरून हलत होता. मला वाटलं, रडतोय. माझ्या नाटकाचा परिणाम!

नायक काही आला नाही. लावायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते रेकॉर्डिंगच लावलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, कुणा कामगाराचा. “ताई, त्या वॉचमनचं पुढं काय झालं? आन् ते दारूचं नाटक कायतरी लावनार म्हनत व्हता, ते नका लावू. आमी पिऊन न्हाई, कामावरनं येतोय.”

अशी माझी समाजसुधारणा संपली आणि काकांची गोष्ट सुरू झाली.

ते कागदावर काही लिहायचे नाहीत. मी हट्ट धरला, संहिता द्या. प्रसारण आहे, खेळ नाही. काका म्हणाले, “बाई, लिवलेली गोष्ट म्हंजे भरलेलं वांगं. दिसतंय झ्याक, पन आता त्यात कायबी घालता येत न्हाई.” मी त्यांना उच्चारांचे धडे द्यायला गेले. ‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’. त्यांनी प्रामाणिकपणे एक आठवडा ‘नाही’ म्हणून पाहिलं. मग म्हणाले, “ह्या ‘नाही’त जोर न्हाई. ‘नाही’ म्हनलं की समोरच्याला वाटतं, अजून थोडं इचारून बगावं.”

गोष्टीच्या सुरुवातीला नेहमी एकच म्हणायचे, “ऐका. खोटी असली तर माझी, खरी निघाली तर तुमची.” आणि कशाकशाच्या गोष्टी! चाकणच्या ट्रॅफिकची एक होती. तो ट्रॅफिक एवढा तुंबला, एवढा तुंबला, की वऱ्हाडाच्या बसमधली नवरी तिथंच नांदायला लागली. ट्रकच्या सावलीत शाळा भरली. कंटेनरवाल्यांनी भाजी लावली. लोकांनी मतदान घेऊन ट्रॅफिकचा सरपंच निवडला आणि त्यानं पहिला ठराव केला, की गावाला रस्ता हवा. मग एक दिवस पोलिसानं शिट्टी मारली, पुढची गाडी हलली, आणि सगळं गाव रडायला लागलं. “आता हे घरदार सोडून जायचं कुठं?”

आणखी एक अंगठ्याची होती. एका कामगाराचा अंगठा हजेरीच्या मशीनला एवढा आवडला, की मशीन म्हणालं, मला बाकीचा माणूस नको. अंगठ्याला बढती मिळाली, तो सुपरवायझर झाला, त्याला केबिन मिळाली. बाकीचा माणूस हेल्परचा हेल्परच. संध्याकाळी दोघं एकाच बसनं घरी यायचे, पण अंगठा पुढच्या सीटवर बसायचा आणि ओळख दाखवायचा नाही.

हे ऐकताना मी चष्मा पुसायची आणि मनात म्हणायची, यातून समाजानं घ्यायचं काय?

काकांच्या सौभाग्यवती, त्यांना आम्ही काकू म्हणू, रेकॉर्डिंगच्या दिवशी बरोबर यायच्या, पण आत कधी नाही. व्हरांड्यात बसून लसूण सोलायच्या. “या की आत, ऐका,” मी म्हणायची. “नगं बाई. घरात ऐकती तेवडं बास. परवा ह्यांनी दूधवाल्याला सांगितलं, आमची म्हस रजेवर गेलीया. म्हस कुटली? पिशवीतलं दूध आमचं. त्यो बिचारा दोन दिस चौकशी करीत व्हता.”

भावाचं भांडण मला काकूंनीच सांगितलं, लसूण सोलता सोलता. धाकट्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा होता. चांगलं मोठं स्थळ, मुलाकडची मंडळी गाडीभर. मुलाचे वडील जरा ऐटीतले. चहा होता होता म्हणाले, “आमच्या घराण्यात तीन डॉक्टर. तुमच्यात विशेष काय?” सगळे गप्प. आणि काकांना गप्प बसलेली माणसं बघवत नसत. ते म्हणाले, “आमच्यात आजा तीनदा मेला.”

“तीनदा?”

“व्हय. पयल्यांदा मेला तो सवय म्हनून. दुसऱ्यांदा मेला, तर वाटंत आठवलं, बैल सोडायचा ऱ्हायलाय. परत आला, बैल सोडला, हातपाय धुतले, भाकरी खाल्ली.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदाचं अजून नक्की न्हाई.”

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मंडळी उठली ती परत बसली नाही. मग निरोप आला, घराण्यात वेडाची झाक दिसते. स्थळ मोडलं. त्या दिवसापासून धाकट्या भावानं थोरल्याशी बोलणं टाकलं. पुढे त्या मुलीनं कंपनीतलाच एक मुलगा पसंत केला, लग्न झालं, पण थोरल्या घरी पत्रिका आली नाही.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय? हे गेले की. कार्यालयाच्या समोर, रस्त्याच्या पल्याड बँडवाल्यांत हुबं ऱ्हायले. बँडवाल्याकडनंच मूठभर अक्षदा घेतल्या आन् तितनंच टाकल्या. निम्म्या एका रिक्षावर पडल्या.” काकूंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. “ह्ये मातर ते कुनाला सांगत न्हाईत. त्याची गोष्ट करीत न्हाईत.”

भांडणाचं हे सगळं मला माहीत होतं, बरं का. तरी मी शहाणी ती शहाणीच.

झालं असं, की मला पुण्याला ध्वनिसंपादनाच्या शिबिराला पाठवलं. तिथं एक तरतरीत मुलगा शिकवायला होता. तो म्हणाला, रेडिओवर शांतता म्हणजे मरण. ऐकणारा लगेच दुसरीकडे जातो. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात आणि शांततेची सपाट रेघ. ती रेघ निवडायची आणि कापायची. मला एवढा आनंद झाला! आयुष्यभर लाल पेनानं जे केलं ते आता संगणकाच्या उंदरानं करायचं. परत आले आणि समोर काकांची नवी गोष्ट. पवना नदी नोकरी मागायला कंपनीच्या गेटवर जाते आणि तिला पत्त्याचा पुरावा मागतात, अशी. बघते तर काय, जिकडेतिकडे सपाट रेघा! काका वाक्य बोलायचे, “हं?” म्हणायचे आणि थांबायचे. मला वाटलं, वय झालं, आठवत नाही बिचाऱ्यांना. आपण त्यांची लाज राखू. तंत्रज्ञ जेवायला गेला होता. मी सगळ्या रेघा कापल्या. ‘हं?’सुद्धा कापले, कारण उत्तर नसलेला प्रश्न म्हणजे रचनादोष. अर्ध्या तासाची गोष्ट वीस मिनिटांत बसली. उरलेल्या वेळात मी कचरा वर्गीकरणाची सूचना घातली.

त्या रात्री गोष्ट गेली. दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर पोचते तो फोन वाजतच होता. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर होता. “काय वं बाई, काल काकांच्या मागं कुत्रं लागलं व्हतं का? हं म्हनायच्या आत गोष्ट म्होरं! आमची आख्खी बस हं म्हनती रोज. काल एकजन हं म्हनला तवर नदी घरी बी गेलती.”

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. मी, मराठीची बाई! गोष्ट सांगणारा थांबतो आणि ऐकणारा हुंकार देतो, हुंकार आला नाही तर गोष्ट पुढे जात नाही, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. लोकपरंपरेच्या धड्यात. परीक्षेला विचारायची.

तेवढ्यात काका आले. काकू मागे. काकांच्या हातात सुतळी होती. मला म्हणाले, “बाई, तुमी भाकरी करता?”

“करते की.”

“फुगायच्या आत काडता का तव्यावरनं?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“काल काडलीत.” मग तिथंच दाराशी टेकून उभे राहिले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना साधं बोलताना ऐकलं. लहानपणी दोघं भाऊ भुईमुगाच्या राखणीला मचाणावर असायचे. थोरला गोष्ट सांगायचा, धाकटा हं म्हणायचा. हं यायचं थांबलं की समजायचं, झोपला. मग त्याच्या अंगावर घोंगडी टाकायची. बोलणं तुटल्यावर कुरुळीकडच्या कुणी येऊन सांगितलं होतं, तुमचा भाऊ गेटवर रेडिओ लावून एकटाच हं हं करत असतो. तेव्हापासून काका जरा जास्तच थांबायला लागले होते. “त्यो तितनं म्हनतोय, मला हितं ऐकू येत न्हाई, पन म्हनतोय ह्ये ठावं व्हतं. आता काल त्याला काय वाटलं आसंल? दादानं वाट बगायची सोडली. संपलं.”

मी म्हटलं, आज रात्री मूळ गोष्ट पुन्हा लावू. मग मला आठवलं, मूळ गोष्ट मीच पुसली आहे. तेही सांगितलं. काका काही रागावले नाहीत. “ऱ्हाऊ द्या. मी पाट न्यायला आलोय,” म्हणाले आणि स्टुडिओत गेले. काचेतून मला दिसत होतं, पाट उभा करून सुतळी गुंडाळत होते. काकूंनी आज लसूण आणला नव्हता. त्या नुसत्याच बसल्या होत्या.

आणि खाली मोटरसायकल थांबली. जिन्यावर बूट वाजले. दारात एक गृहस्थ. खाकी गणवेश, पांढरी मिशी, हातात हेल्मेट, रात्रभर न झोपलेले डोळे. काकूंनी चटकन डोक्यावर पदर घेतला, म्हणून मी ओळखलं.

“हितला साहेब कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“मी आहे. काय काम?” मी शाळेतला आवाज लावला.

“काल त्या मानसानं गोष्ट अशी दामटली का? त्यास्नी इचारा, आमी काय गडी हाय का त्यांचे? वाट बगायची नसंल तर सांगायची कशाला?”

“ते त्यांनी नाही केलं,” मी म्हटलं. शाळेतला आवाज कुठे गेला कोण जाणे. “मी केलं. मधल्या जागा मी कापल्या.”

“तुमी?” ते माझ्याकडे पाहतच राहिले. “आमी तुमचं काय घोडं मारलं वं बाई? दुसऱ्याचं हं खाऊन तुमचं पोट भरतं का? शिकल्याली मानसं तुमी! रात्रीच्याला गेटावर बसून बगा एकदा, मंग कापा!”

असं बराच वेळ चाललं. मी मान खाली घालून ऐकत होते, इतक्यात स्पीकरमधून आवाज आला. आत काका पाट सोडून माइकपाशी वाकले होते. “बाई, तितं खाकी कपड्यातला जो मानूस हाय, त्याला इचारा, जेवला का म्हनून.”

आमच्या केंद्रात आतला आवाज बाहेर स्पीकरवर यायचा. पण बाहेरचं आत ऐकू जायचं तर माझ्या टेबलावरचं बटण दाबून धरावं लागे. धाकटे आत जायला तयार नव्हते, थोरले बाहेर यायला.

“जेवलात का?” मी विचारलं.

“त्यांना सांगा, ड्युटीवरनं थेट आलोय.”

मी बटण दाबलं. “नाही म्हणतात.”

“त्याला सांगा, उपाशीपोटी भांडू नये. आवाज चिरकतो.” आतून उत्तर आलं.

“त्यांना इचारा, गुडगा काय म्हनतोय.” धाकटे म्हणाले.

“गुडगा म्हनतोय, सायकल सोड. मी म्हनतो, आधी तू सोड.”

धाकट्यांची मिशी हलली. पण लगेच त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “आता ह्ये इचारा. पोरीच्या लग्नात रस्त्याच्या पल्याड का हुबं ऱ्हायले? मी काय आंधळा व्हतो? आत यायला पाय नव्हते का?”

काकूंचा हात पदरावर तसाच राहिला. मी बटण दाबून शब्दन्शब्द सांगितलं. आत काकांनी सुतळीचा एक वेढा उगाच आवळला. कानटोपी काढली, पुन्हा घातली. तंत्रज्ञानं केव्हाच रेकॉर्डिंग सुरू केलं होतं; त्याच्या पडद्यावर सपाट रेघ सरकत होती, लांबच लांब. माझे हात मी मांडीखाली घेऊन बसले.

“त्याला सांगा,” शेवटी काका म्हणाले, “पाय व्हते. पत्रिका नव्हती.”

धाकटे हेल्मेटची काच बाहीनं पुसायला लागले. मी काही विचारावं की काही सांगावं, मला कळेना. तेवढ्यात काकू उठल्या. “अवो, त्या बाईला मधी घालून कशाला दळताय दोघं? दमली ती! भावजी, ते बटान हाय तितं. ते दाबलं की ह्यास्नी ऐकू जातंय. बोला आपलं आपण!”

भावजींनी बटणाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. तेव्हा मी बटणावर बोट ठेवलं, ठेवूनच दिलं, आणि तोंड बंद केलं. त्या केंद्रावर मी केलेलं हे एकमेव चोख संपादन.

आत काकांनी सुतळी सोडली. पाट खाली टाकला, मांडी घातली, माइकला खाली ओढला. “ऐका. खोटी असली तर माझी, खरी निघाली तर तुमची. एका मानसाची सावली रातपाळीला कामाला लागली. साहेब म्हनला, रातच्याला सावली पडती कुटं, तू काम काय करनार? हं?”

आणि थांबले.

मी श्वास धरला. तंत्रज्ञानं धरला. काकूंनी तर पदराचा बोळा तोंडात धरला.

“हं,” धाकटे म्हणाले.

काकांनी काचेकडे पाहिलं नाही. नुसती मान हलवली, जशी चालत्या गोष्टीत हलवतात, आणि पुढे सांगायला लागले. सावलीला भत्ता मिळतो का, सावलीनं डबा कुठं गरम करायचा, असं काय काय. चौथ्या की पाचव्या हुंकाराला धाकटे बाहेरच्या खोलीत नव्हते. बूट दाराशी होते आणि ते आत फरशीवर बसले होते, पाटाला पाठ लावून, भिंतीकडे तोंड करून. अजून एकमेकांकडे पाहणं झालेलं नव्हतं. त्याला आणखी दोन गोष्टी लागल्या. सावलीची ती गोष्ट त्या रात्री रेडिओवर तशीच्या तशी लागली, दोघांच्या आवाजात, आणि पुढे केंद्राचं बस्तान उठेपर्यंत रात्रीच्या त्या कार्यक्रमात एक सांगणारा आणि एक हं म्हणणारा असे दोघं असायचे. बसवाले म्हणायचे, आमचा हं वेगळा आणि वॉचमनचा वेगळा. त्याचा जरा उशिरा येतो.

त्या दिवशी निघताना मी धाकट्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. ते बुटाची लेस बांधत होते. माफी मागितली, त्यांनी ती कानाआड केली. मग मला राहवेना. शिक्षिकेची खोड, प्रश्न विचारल्याशिवाय वर्ग सोडवत नाही. मी म्हटलं, “एवढा जीव होता भावावर, रोज ऐकत होतात, मग आधीच का नाही आलात?” त्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं, पट्टा लावला, आणि आतून घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, “बाई, पोरगी त्या डाक्टरांच्या घरी गेली न्हाई ह्ये लई बरं झालं, ह्ये मला दुसऱ्याच साली कळलं व्हतं. पन उगंच उटून यायचं कसं? भांडायला कारन लागतं, तसं भांडान मोडायला बी लागतं. रोज रातच्याला तुमच्या रेडिओची चूक हुडकत बसायचो. एकदाची घावली.”